भिंतीवरचे घड्याळ आणि वहीतला हिशेब

(सोलापुरातील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण भिंतीवरच्या घड्याळाविषयी बोलू. घड्याळ वाचायला तुम्ही मागेच शिकलात. लहान काटा तासाचा, मोठा काटा मिनिटांचा, हे आता तुम्हाला कोणाला विचारावे लागत नाही. आज त्याच्या पुढचा धडा घेऊ. बाजारातले साधे, स्वस्त घड्याळ घरच्या घरी कसे सजवावे. त्याला लागणारे सामान आपल्या सोलापुरात थोड्या पैशांत कुठे मिळते. आणि असे घड्याळ विकायचे झाले तर त्याची किंमत कशी ठरवावी, असे तीन भाग आम्ही सांगणार आहोत. पहिले दोन भाग हाताचे आहेत. तिसरा डोक्याचा आहे. त्यासाठी वही आणि पेन्सिल जवळ असू द्या.

कोणी म्हणेल, "पोटापाण्याचं बोलायचं सोडून हे सजावटीचं काय काढलंत?" पण दारात रोज सकाळी रांगोळी घालणाऱ्या बाईला असे कोणी विचारत नाही. चिमूटभर पांढऱ्या भुकटीने दार शोभते. दार शोभले की घरातल्या माणसाचे मन प्रसन्न होते. सजावटीला पैसा लागतो असे नाही. नजर लागते आणि हात लागतो.

आपल्या गावाजवळ कुंभारी येथे विडी कामगार बायांची वसाहत आहे. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची ती १० हजार घरांची वसाहत २००६ साली बायांच्या ताब्यात आली. पुढे त्याच भागात रे नगरची घरे झाली. त्यांतल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाल्या. स्वतःचे घर झाले की भिंतीही स्वतःच्या होतात. नव्या भिंतीवर पहिल्यांदा काय लागते? देवाची तसबीर, कॅलेंडर आणि घड्याळ. म्हणजे आजचा विषय तुमच्या घरातलाच आहे.

भोंगा गेला, घड्याळ आले

सोलापूरला तासामिनिटांची सवय लावली ती गिरण्यांनी. १८७७ च्या सुमारास इथे पहिली मोठी कापडगिरणी चालू झाली. तिला पुढे लोक जुनी मिल म्हणू लागले. मग आणखी गिरण्या आल्या. त्या काळी घरोघरी घड्याळे नव्हती. गिरणीचा भोंगा हेच साऱ्या गावाचे घड्याळ. भोंगा झाला की उठायचे, भोंगा झाला की डबा घेऊन निघायचे. शाळेत जाणारी मुले आणि चुलीपुढे बसलेली बाई, सारे त्याच आवाजावर चालत.

आता त्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले. वेळ सांगण्याचे काम भिंतीवरच्या घड्याळाकडे आले. भोंगा गिरणीच्या मालकाचा होता. घड्याळ मात्र आपले स्वतःचे असते. या गोष्टीकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

घड्याळाच्या पोटात काय असते?

घड्याळ सजवायचे तर आधी ते उघडता आले पाहिजे. उघडायचे तर त्याच्या आत काय आहे हे ठाऊक पाहिजे.

साध्या घड्याळाचे पाच भाग असतात. बाहेरची चौकट, पुढची काच, आकड्यांची तबकडी, तीन काटे आणि मागे बसवलेली काळी चौकोनी डबी. या डबीला दुकानदार 'मशीन' म्हणतात. स्वस्त घड्याळाची काच बहुधा प्लॅस्टिकची असते. डबीत दीड व्होल्टचा एक सेल बसतो.

या डबीत गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाचा एक बारीकसा तुकडा असतो. त्याला सेलची वीज मिळाली की तो थरथरू लागतो. किती वेळा? एका सेकंदात ३२,७६८ वेळा! डबीतली बारीक विद्युत्-पट्टी या आकड्याचे निम्मे करते, पुन्हा निम्मे करते, असे १५ वेळा करते. शेवटी काय उरते ते तुम्हीच वहीत करून पाहा. ३२,७६८ चे निम्मे १६,३८४. त्याचे निम्मे ८,१९२. असे करत गेलात की पंधराव्या खेपेस बरोबर १ उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका. त्या ठोक्यासरशी सेकंदाचा काटा एक पाऊल पुढे जातो. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रातही हेच गणित असते आणि तुमच्या घरातल्या घड्याळातही हेच.

असे पहिले घड्याळ १९२७ साली अमेरिकेत तयार झाले. ते भिंतीवर टांगण्याजोगे नव्हते. त्याला मोठमोठी यंत्रे लागत. आज तेच काम काड्यापेटीहून थोड्या मोठ्या डबीत होते. आपल्या देशात भिंतीवरच्या घड्याळांचा मोठा धंदा गुजरातेत मोरबी या गावी आहे. तिथे १९७१ साली ओधवजी पटेल आणि त्यांच्या सोबत्यांनी 'अजंता' या नावाने घड्याळे करायला सुरुवात केली. ओधवजी त्याआधी शाळेत मास्तर होते. त्यांच्या कारखान्यात पुढे हजारो बाया कामाला लागल्या. तेव्हा घड्याळाचे काम बाईमाणसाला जमेल का, अशी शंका कोणी काढली तर त्याला मोरबीचे नाव सांगा.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली ही की मशीन आणि काटे सुटेही विकत मिळतात. जुने घड्याळ बंद पडले म्हणून चौकट फेकू नका. नवे मशीन घालून ते चालू करता येते. मात्र मशीनची पुढे येणारी दांडी तबकडीच्या जाडीहून लांब हवी. जाड फळीवर घड्याळ करायचे असेल तर आधी फळीची जाडी मोजा आणि मगच मशीन घ्या.

दुसरी गोष्ट ही की हे मशीन फार अशक्त असते. सेलची थोडीशी वीज आणि बारीक चाके, एवढाच त्याचा जोर. काट्यांना मणी, टिकल्या, खडे काहीही चिकटवू नका. काटा जड झाला की घड्याळ मागे पडते, किंवा काटा नऊवरून वर चढताना अडून बसतो. सजावट करायची ती चौकटीची आणि तबकडीची. काट्याला हात लावायचा नाही.

सामान कुठे शोधावे?

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला" ही म्हण तुम्ही ऐकली आहे. स्वस्त घड्याळाला महाग सामान लावले तर तीच गत होईल. म्हणून सजावटीचे सामान दुकानात शोधायच्या आधी आपल्या गावाच्या धंद्यांत शोधा. सोलापूर हे कापडाचे गाव. इथे कापडाच्या प्रत्येक कामातून काहीतरी उरतेच.

यंत्रमागाच्या कारखान्यांतून तुटके सूत निघते. रंगीत असते, पक्क्या रंगाचे असते. ते वजनावर विकले जाते. सुताच्या गुंडाळ्या ज्यावर येतात ते पुठ्ठ्याचे कोनही रिकामे होतात. एका कोनाच्या आडव्या चकत्या कापल्या तर लहानापासून मोठ्यापर्यंत दहा-बारा कड्या निघतात. त्या चौकटीभोवती लावल्या की फुलाच्या पाकळ्या होतात.

आपल्या गावात शाळेचे गणवेश फार मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. त्या कारखान्यांत आणि शिंप्याच्या दुकानांत कातरण पडते. निळे, खाकी, पांढरे, चौकड्याचे. आपल्याकडे जुन्या कापडाची वाकळ शिवतात ना, तशी या तुकड्यांची लहानशी वाकळ पुठ्ठ्यावर चिकटवली तर घड्याळाला भारी चौकट होते.

सोलापुरी चादर तर घरोघरी आहे. जीर्ण झालेली चादर फेकण्याआधी तिच्या दशा आणि नक्षीचा धड राहिलेला भाग कापून ठेवा. मोर, कुयरी, फूल, वेल, जे हाती लागेल ते. मोर असलेला गोल तुकडा तबकडीच्या वरच्या अंगाला आणि दशा खालच्या अंगाला, एवढ्याने घड्याळाला सोलापूरचा शिक्का बसतो.

लग्नपत्रिका ही सोन्याची खाण समजा. जाड कागद, सोनेरी नक्षी, गणपतीचे चित्र. लग्नसराईनंतर या पत्रिका रद्दीत जातात. कासाराकडे फुटक्या बांगड्यांच्या काचा असतात. सुताराकडे फळीचे तुकडे असतात. घर रंगवून झाले की डब्याच्या तळाशी रंग उरतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मणी, टिकल्या, आरसे, झालरी यांची दुकाने लागतात. तिथे चार ठिकाणी भाव विचारून मग घ्या.

चिकटवायला विकतचा डिंक थोडा आणि घरची खळ जास्त, असे करा. खळ करायला विणकराच्या गावात शिकवावे लागत नाही. मैद्याची पातळ खळ शिजवा. कागद आणि कापड तिने उत्तम चिकटते. किडा लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची रीत आहे. पण मोरचूद विषारी असते, हे लक्षात असू द्या. घालायचे असेल तर स्वयंपाकाचे भांडे वापरू नका, लेकरांच्या हाती ते लागू देऊ नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. लाकूड आणि काच चिकटवायला मात्र विकतचाच डिंक हवा.

आणखी एक. कारखान्याच्या दारात पडलेली चिंधीसुद्धा विचारल्याशिवाय उचलू नये. ती कोणाच्या तरी वजनात मोजलेली असते. विचारले तर बहुतेक ठिकाणी मूठभर माल असाच मिळतो. दर महिन्याला नेत गेलात तर ओळख होते आणि ते तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

स्वस्त म्हणजे काय?

नव्या पेठेत एक भाव असतो, मधल्या मारुतीजवळ दुसरा, मंगळवार बाजारात तिसरा. तेव्हा विचारून घ्यावे हे खरे. पण विचारायलाही हिशेब लागतो. समजा, एक रंगाची डबी दुसऱ्या बाजारात ८ रुपयांनी स्वस्त आहे आणि तिथवर जायला रिक्षाला २० रुपये पडतात. मग ती डबी स्वस्त कशी? ती १२ रुपयांनी महाग झाली. पाच-सहा वस्तू एकाच खेपेत आणायच्या असतील तरच ती खेप परवडते.

डझनाच्या भावाचेही तसेच. समजा, एक घड्याळ १५० रुपयांना आहे आणि दुकानदार म्हणतो, "बारा घ्या, १५०० ला देतो." म्हणजे नग १२५ ला पडला. नगामागे २५ रुपये वाचले, पण घरातले १५०० रुपये गुंतले. पहिली दोन घड्याळे विकली गेल्याशिवाय डझन घेऊ नका. विकले न गेलेले घड्याळ भिंतीला टिकटिक करते आणि मनालाही.

म्हणून घेताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे मला या महिन्यात लागणार आहे का? आणण्याचा खर्च धरला तरी ते स्वस्त आहे का? हेच काम घरातल्या वस्तूने होणार नाही का? तिन्ही उत्तरे नीट आली तरच पैसे काढा.

आता हाताचे काम

घड्याळ नवे असेल तर आधी पावती पाहा. हमीचा काळ चालू असताना घड्याळ उघडले तर दुकानदार ते परत घेत नाही. निर्णय घेऊन मगच उघडा.

पहिल्यांदा सेल काढा. मागचे स्क्रू काढून काच अलगद सोडवा. मग काटे काढा. आधी सेकंदाचा, मग मिनिटाचा, मग तासाचा. बोटांच्या चिमटीत धरून सरळ वर ओढायचे, वाकवायचे नाहीत. ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा.

तबकडी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. गोल कापा. विडीचे पान पत्र्याचे माप ठेवून रोज शेकड्यांनी कापणाऱ्या बाईला एक गोल कापणे काय जड? आता त्या गोलाचे बारा भाग करायचे आहेत. मोजपट्टी लागत नाही. गोल मधोमध दुमडा. त्या अर्ध्या गोलाच्या सारख्या तीन घड्या करा. ती घडी पुन्हा मधोमध दुमडा. दोन, त्याचे तीनपट सहा, त्याचे दुप्पट बारा. कागद उलगडला की मध्यापासून निघालेल्या बारा रेघा दिसतील. त्याच तासांच्या जागा. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे पांढरी बाराबंदी घालतात, ती तुम्ही पाहिली आहे. बाराबंदीला बारा बंद, तसे घड्याळाला बारा आकडे. एकही कमी पडला तर अंगरखा नीट बसत नाही.

आकडे स्वतःच्या हाताने लिहा. १ ते १२, मराठी आकडे. आधी पेन्सिलीने, मग गडद रंगाने. घरात कोणी तेलुगू बोलते, कोणी कन्नड बोलते, कोणी उर्दू. पण आईच्या हातचे आकडे घरातल्या साऱ्या लेकरांना वाचता येतील. वर्षामागे पाटीवर गिरवलेले आकडे आज भिंतीवर लागले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

सजावटीचा एक मोठा नियम ध्यानात ठेवा. घड्याळ दारातून वाचता आले पाहिजे. तबकडीवर नक्षी दाटली की काटे हरवतात. म्हणून काटे जिथून फिरतात तो मधला भाग मोकळा ठेवा. काटे काळे असतील तर तबकडी फिकी ठेवा. काटे पांढरे किंवा सोनेरी असतील तर तबकडी गडद करा. फुले, मणी, दशा, काचा, सारे चौकटीवर. आणि तबकडीवर जे चिकटवाल ते कागदाइतके पातळ हवे, नाहीतर काटा त्याला घासतो. फुटक्या बांगड्यांची धार आधी खरबरीत दगडावर मारून घ्या. घरात रांगते लेकरू असेल तर सुटे मणी वापरूच नका.

खळ पुरती वाळू द्या. एक रात्र थांबा. मग काटे परत बसवा. आता उलटा क्रम. आधी तासाचा काटा बरोबर १२ वर. त्यावर मिनिटाचा काटाही १२ वर. शेवटी सेकंदाचा. मागची चकती बोटाने हळूहळू फिरवून मिनिटाच्या काट्याचा एक पूर्ण फेरा करा. तासाचा काटा १ वर आला का? काटे एकमेकांना लागत नाहीत ना? सारे ठीक असेल तर काच लावा. सेल घालताना अधिक आणि उणे या खुणा पाहा. शाळेत बेरीज-वजाबाकीला शिकलेल्या खुणा इथेही कामाला येतात.

घड्याळ लावताना रेडिओवरची किंवा मोबाईलवरची वेळ धरा. सूर्य डोक्यावर आला म्हणजे १२ वाजले, असे जुनी माणसे म्हणतात. पण सारा देश एकाच घड्याळाने चालतो आणि ते घड्याळ आपल्या पूर्वेला, प्रयागराजच्या बाजूच्या रेखांशावर ठरवलेले आहे. त्यामुळे सोलापुरात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास. ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटे मागेपुढे होतात.

चुलीजवळ, गॅसजवळ घड्याळ टांगू नका. वाफ आणि तेलकटपणा आत जातो. मागच्या बाजूस एक चिठ्ठी लावा आणि सेल घातल्याची तारीख लिहा. घड्याळ बंद पडले तर सेल लगेच काढा. पडून राहिलेला सेल पाझरतो आणि मशीन खातो.

आता वही उघडा

स्वतःच्या घरासाठी घड्याळ केले तर त्यात गेलेला वेळ हा आपल्या हौसेचा. तिथे मजुरी धरायचे कारण नाही. पण शेजारीण म्हणाली, "मला एक करून द्या, पैसे देते," की गोष्ट बदलते. मग तो धंदा झाला.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. तुम्ही आपले खरे आकडे घाला.

साधे घड्याळ १५० रुपये. सेल १५. कातरण आणि सूत १०. डिंक आणि खळ ८. रंग ७. बाजाराच्या खेपेतला या घड्याळाचा वाटा १०. बेरीज करा. २०० रुपये.

शेजारणीने २३० दिले. ती खूश, तुम्हीही खूश. "तीस रुपये सुटले." पण थांबा. कामाला किती वेळ लागला? ३ तास. म्हणजे तासाला १० रुपये पडले. समजा, तेवढ्याच वेळात विड्या वळल्या असत्या तर तासाला २५ रुपये पडले असते. तीन तासांचे ७५. मग तीस रुपये सुटले म्हणायचे, की पंचेचाळीस गेले म्हणायचे?

अजून एक खर्च राहिला. छाट म्हणजे काय, हे विडी कामगार बाईला सांगायला नको. वळलेल्या विड्यांतल्या काही बाद ठरतात आणि त्यांची मेहनत वाया जाते. घड्याळातही छाट निघते. कधी काच तडकते, कधी दांडी वाकते. दहांत एक घड्याळ फुकट गेले तर २०० रुपये बुडाले. ते दहा घड्याळांवर वाटले तर नगामागे २० रुपये.

आता खरी किंमत मांडा. सामान २००. मजुरी ७५. छाट २०. एकूण २९५ रुपये. याच्या खाली विकलेत तर सामानात वाचवलेले पैसे तुम्ही आपल्या मजुरीतून परत देऊन टाकलेत.

"एवढे कोण देणार?" असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. मग किंमत कमी करायची कशी? मजुरी सोडून देऊन नव्हे, वेळ वाचवून. एकेक घड्याळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू नका. पाच गोल एकदम कापा. पाचांचे आकडे एकदम लिहा. पाचांना खळ एकदम लावा. विडीच्या कामात पाने आधी सारी कापून घेता आणि मग वळायला बसता, तशीच ही रीत. तीन तासांचे काम दोन तासांत झाले तर मजुरी ५० होते आणि किंमत २७० वर येते. घेणाऱ्याला परवडले आणि तुमचा तासही २५ रुपयांचाच राहिला.

तास कोणाचा?

भोंग्याची गोष्ट शेवटासाठी ठेवली होती. गिरणीत माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत असे. ते तास कमी व्हावेत म्हणून कामगारांना फार झगडावे लागले. आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना उभे केले, तेव्हा १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. हे शक्य झाले, कारण गिरणीत तास मोजले जात होते. भोंगा मालकाचा होता खरा, पण तो साऱ्यांना ऐकू येत होता. जे ऐकू येते, त्यावर भांडता येते.

घरात बसून काम करणाऱ्या बाईचे तसे नाही. तिला भोंगा नाही. स्वयंपाक करता करता ती विड्या वळते, लेकराला थोपटता थोपटता मणी ओवते. काम नगावर मोजले जाते. तास कोणी मोजत नाही. आणि न मोजलेला तास फुकट धरला जातो. दुसरे धरतात तसे आपणही धरतो. "बसल्या बसल्या केलं हो, त्याचे काय पैसे घ्यायचे!" हे वाक्य आम्ही या वर्गात पुष्कळदा ऐकले आहे. बसल्या बसल्या केले तरी वेळ गेलाच ना? आणि तुम्ही बसला होता कुठे? घड्याळाच्या समोरच!

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कातरण फुकट मिळो, पुठ्ठा फुकट मिळो, आपला तास मात्र फुकट देऊ नका. एखादीला प्रेमाने घड्याळ भेट द्यायचे असेल तर खुशाल द्या. पण ती भेट आहे हे तुम्हालाही कळू द्या आणि तिलाही.

पुढच्या बुधवारी येताना प्रत्येकीने, प्रत्येकाने वहीत चार ओळी लिहून आणाव्यात. पहिली ओळ, कामाला कधी बसलो. दुसरी, कधी उठलो. तिसरी, सामानाला किती लागले. चौथी, हातात किती आले. काम कोणतेही असो. विडी, शिवण, वाकळ, शेवया, चालेल. वेळ घड्याळात पाहून लिहायची, अंदाजाने नाही. त्या ओळींवरून आपल्या तासाला काय पडते ते आपण सारे मिळून फळ्यावर काढू.